सापडलेल्या राणी मुंगीची जात कशी ओळखावी

जूनमधली पहिली मोठी सर पडून गेली की संध्याकाळी ओट्यावरच्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडतो आणि त्यात एखादी राणी मुंगी हमखास असते. ती काचेच्या नळीत घेतली की लगेच प्रश्न येतो, ही कोणती? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील मुंग्यांच्या सूचीत 100 वंशांमधल्या 828 जाती व उपजाती नोंदलेल्या आहेत. शिवाय ओळख पटवण्याचे बहुतेक तक्ते कामकरी मुंग्यांवरून केलेले असतात, राणीवरून नव्हे. म्हणून आधी वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, पक्का करावा आणि जातीकडे नंतर वळावे. उलट क्रमाने गेल्यास फसगत जवळजवळ ठरलेली असते.

प्रथम ती मुंगीच आहे ना, हे पाहावे. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याशी येणाऱ्यांत वाळवीचेच पंखवाले कीटक अधिक असतात. त्यांचे चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे, शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर बारीक असते. त्यानंतर नर बाजूला काढावेत. नराचे डोके लहान, डोळे त्या मानाने मोठे असतात आणि अनेक वंशांत शृंगिकेचा पहिला खंड आखूड असल्यामुळे तिला कोपर दिसत नाही. राणीचे डोके व जबडे भक्कम असतात आणि पंखांचे स्नायू सामावणारी छाती फुगीर असते. पंख गळालेले असतील, तर छातीच्या बाजूंना त्यांचे खुंट किंवा व्रण भिंगातून दिसतात. असा व्रण नाही आणि छातीही सडपातळ आहे, तर हाती आलेली मुंगी बहुधा मोठी कामकरीच होय.

डायाकामा या वंशाबाबत तर हे विशेष ध्यानात ठेवावे. या मोठ्या, काळ्या, अंगावर बारीक समांतर रेषा कोरल्यासारख्या दिसणाऱ्या मुंग्यांमध्ये पंखवाली राणी नसतेच. कामकऱ्यांपैकीच एक नराशी मीलन करून अंडी घालते. तेव्हा ‘डायाकामाची राणी’ असे सांगून कोणी काही देऊ केल्यास नम्रपणे नकार द्यावा.

आता साधने. दहापट मोठे दाखवणारे भिंग, आलेख कागदाचा तुकडा आणि जवळचे छायाचित्र घेऊ शकणारा मोबाइल एवढे पुरते. राणी फार धावत असेल, तर नळी काही मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात मात्र मुळीच नाही. मंदावलेली राणी आलेख कागदावर ठेवून तीन छायाचित्रे घ्यावीत: एक अगदी कडेने, एक वरून आणि एक समोरून, चेहरा भरून. लोक वरून घेतलेल्या एकाच छायाचित्रावर नाव विचारतात, पण निर्णायक खुणा बहुतेक कडेच्या आणि समोरच्या छायाचित्रांत असतात.

कडेच्या छायाचित्रात कंबर पाहावी. छाती आणि फुगीर उदर यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, यावर पुढचा सारा मार्ग ठरतो. एकच गाठ असेल, तर उदराचे टोक तपासावे. तिथे केसांची झालर असलेले बारीक गोल छिद्र असल्यास ती फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या, डंख नसलेल्या उपकुलातली आहे. मुंगळे याच उपकुलातले. डंख असेल आणि उदराच्या पहिल्या व दुसऱ्या खंडांमध्ये आवळल्यासारखी खाच असेल, तर ती पोनेरा गटाची असण्याचा संभव मोठा. सह्याद्रीत आढळणारी, लांब जबड्यांची, उडी मारणारी हार्पेग्नाथॉस सॉल्टेटर याच गटातली आहे. अशा राणीला उघड्या बोटांनी धरू नये.

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते ती काळ्या मुंगळ्याची राणी, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. तिची लांबी साधारण दीड सेंटिमीटर किंवा थोडी अधिक भरते. मात्र लांबी आणि काळा रंग हा पुरावा मानू नये. चेहरा समोरून पाहिला की जबड्यांच्या वर एक आडवी पट्टी दिसते. कॅम्पोनोटसच्या शृंगिका या पट्टीच्या मागच्या कडेला टेकून निघत नाहीत, तर मध्ये स्पष्ट अंतर ठेवून वर उगवतात. हीच खूण पॉलिराकिस या वंशातही असते. परंतु तिथे उदराचा पहिला खंड एवढा मोठा असतो की वरून पाहिल्यास अर्ध्याहून अधिक उदर त्यानेच व्यापलेले दिसते. उदरावर दाट सोनेरी रेशमी लव असेल, तर कॅम्पोनोटस सेरिसियसचा विचार करावा. राणी हिरवट आणि भली मोठी असेल, तर ती आंब्याची पाने शिवून घरटी करणारी ओइकोफिला स्मॅराग्डिना, कोकणातली ओंबील. ही एक राणी रंगावरून ओळखली तरी सहसा चूक होत नाही.

दोन गाठी असतील, तर काम किचकट होते. उदराला कंबर खालून न जोडता वरच्या बाजूने जोडलेली दिसल्यास क्रिमॅटोगॅस्टर. मोठे डोळे, सडपातळ अंग, तांबूस छाती आणि काळे डोके व उदर असल्यास टेट्रापोनेरा रुफोनायग्रा, जिचा डंख चांगलाच झोंबतो. बाकीच्यांसाठी शृंगिकेचे खंड मोजावे लागतात. मोजताना लांब दांडा हा पहिला खंड धरावा. एकूण 11 खंड आणि टोकाला दोन खंडांची फुगीर गदा असेल, तर आग मुंगी सोलेनॉप्सिस जेमिनाटा असण्याची शक्यता मोठी. 12 खंड, तीन खंडांची गदा आणि छातीच्या मागच्या टोकाला काटे असतील, तर फायडोल. तशीच गदा असून काटे नसतील, तर मोनोमोरियमकडे वळावे.

एका पावसाळ्यात तांबूस रंग पाहून मी एका नळीवर ‘सोलेनॉप्सिस’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि खंड मोजायचा कंटाळा केला. काही महिन्यांनी त्याच नळीत बोजड, खोबणीदार डोक्याचे शिपाई फिरू लागले. आग मुंगीतही मोठ्या डोक्याच्या कामकरी असतात, म्हणून आधी मी स्वतःची समजूत काढून घेतली. पण शेवटी भिंग लावून मोजले, तेव्हा राणीच्या शृंगिकेवर 12 खंड आणि पाठीमागे दोन छोटे काटे अगदी स्पष्ट उभे होते.

वंश ठरल्यावर जातीसाठी कामकरी मुंग्यांची वाट पाहावी. मुंगळ्याची राणी पहिली पिढी बाहेरचे अन्न न घेता वाढवते, म्हणून ओलसर कापसाची नळी अंधारात ठेवून तिला छेडू नये. पहिल्या कामकरी नेहमीपेक्षा खुज्या असतात आणि मोठ्या डोक्याच्या कामकरी सहसा नंतरच्या पिढ्यांत दिसतात, म्हणून पहिल्या चार-पाच कामकऱ्यांवरूनही निवाडा करू नये. वसाहत वाढल्यावर लहान आणि मोठी अशा दोन्ही कामकऱ्यांची पुन्हा तीन बाजूंनी छायाचित्रे घेऊन तक्त्यांशी ताडून पाहावीत. तोवर चिठ्ठीवर ‘कॅम्पोनोटस, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे आणि त्याखाली सापडल्याची तारीख, वेळ, गाव, आधी पाऊस झाला होता का आणि राणी दिव्याखाली, झाडावर की जमिनीवर मिळाली, हे त्याच दिवशी नोंदवून ठेवावे.