एक ‘पाव’, तीन कुळं: शब्दाचं मूळ कसं शोधावं

‘पाव किलो खारी आणि सहा पाव द्या.’ मुंबईतल्या कुठल्याही बेकरीच्या काउंटरवर ऐकू येणाऱ्या या वाक्यात दोन निरनिराळे पाव आहेत. ‘देव पावला’ मधला तिसरा. मूळ शोधण्याआधी ही गर्दी पांगवा. शब्द वाक्यात चालवून बघितला की ते जमतं: खायचा पाव ‘पावाला’, ‘पावात’ असा चालतो, ‘पाव किलो’तला जागचा हलत नाही आणि तिसरा सरळ क्रियापद आहे.

मग ध्वनीची कसोटी लावा. संस्कृतातून प्राकृतमार्गे येताना दोन स्वरांमधल्या ‘प’चा बहुधा ‘व’ होतो: दीप–दिवा, ताप–ताव, कूप–कुवा. त्याच चालीनं ‘प्राप्’वरून पावणे. चौथाईचा पाव ‘पाद’वरून आला, सव्वा (सपाद) आणि पाऊण (पादोन) ही त्याची सख्खी भावंडं. एका जोडीवर कधीच भागवू नका, निदान तीन तरी हव्यात.

खायचा पाव या दोन्ही कुळांत बसत नाही. त्याच्यासाठी समुद्राकडे बघा. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे ब्रेड. स्पॅनिशनं ‘पान’ आणि इटालियननं ‘पाने’ करून त्यातला ‘न’ राखला. पोर्तुगीजनं तो गिळून स्वर नाकात नेला, ‘पांव’. पडताळा हवाच: हाताला लॅटिन ‘मानुस’, स्पॅनिश ‘मानो’, पोर्तुगीज ‘मांव’. चाल तीच.

आता इतिहास जुळतो का? १५३४ मध्ये वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली, १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांना मिळाली. बटाटा, पगार, चावी हे शब्दही पोर्तुगीजच. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात, तोही पोर्तुगीजांनीच नेलेला. आपलं विड्याचं पान मात्र ‘पर्ण’वरून आलंय. नुसत्या सारखेपणावर विसंबलं की इथेच घसरायला होतं.

पीठ पायांनी तुडवत म्हणून ‘पाव’, ही गोष्ट तर हमखास कानावर येते. ती सोडून द्या. पोर्तुगीज भारतात पोचण्याआधीपासून त्यांच्या भाषेत हा शब्द आहे, आणि पायाला मराठीत ‘पाव’ म्हणतच नाहीत.

शेवटी कोश उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे, जुने अर्थ तिथे सापडतात, व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. पुढचा शब्द ‘साबण’ घेतलात तर घाई करू नका: अरबी ‘साबून’ आणि पोर्तुगीज ‘साबांव’ दोन्ही दाराशी उभे आहेत. वहीत दोन्ही लिहून ठेवा.