अगाशीवरची करटुली: गाठ लावण्यापासून फळ धरेपर्यंत

बडोद्यात पाऊस लागला की खंडेराव मार्केटात आणि रस्त्याकडेच्या पथाऱ्यांवर करटुली दिसू लागतात. पावागड, जांबुघोडा, छोटा उदेपूरच्या जंगलपट्ट्यातून टोपल्या येतात, आणि भाव ऐकला की पाव किलोवरच थांबावंसं वाटतं. घरी दोडका-भेंडी काढणाऱ्या माणसाच्या मनात मग येतंच की ही वेल आपल्याकडे का नको? पुष्कळजण लावतातही. वेल जोमाने वाढते, पिवळी फुलं येतात, फळ मात्र धरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या कुंडीत गिलकं येतं.

करटुलं अवघड आहे ते दोनच ठिकाणी. एक, ते उगवून आणणं. दोन, नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात, त्यांची भेट घडवून आणणं. बाकीचं काम दोडक्याहून फारसं निराळं नाही. म्हणून या दोन जागांवर इथे जास्त वेळ घालवला आहे.

बी नको, गाठ लावा

करटुल्याच्या मुळाशी रताळ्यासारखी गाठ असते. पावसाळा संपला की वर वेल वाळते, खाली गाठ जिवंत राहते आणि पुढच्या वर्षी तिलाच कोंब येतो. लागवड करायची ती या गाठीपासून.

बियांपासून रोप येत नाही असं नाही. पिकलेलं करटुलं पिवळं-नारिंगी होऊन उकलतं आणि आत लाल गरात बिया दिसतात. पण ताजं बी पेरलं तर महिनोन्‌महिने झोपून राहतं, शिवाय कवच टणक. हौस असेल तर गर धुऊन बिया सावलीत वाळवा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवा, मग पॉलिश पेपरवर कवच जरा घासून रात्रभर पाण्यात भिजवा. तरी सगळ्या उगवणार नाहीत. उगवतील त्यांतली साधारण निम्मी नर निघतील, आणि हे फुलं येईपर्यंत कळणार नाही. चार कुंड्या, दोन महिने पाणी घालणं, आणि शेवटी चारही नर! हा जुगार मला पटत नाही.

गाठ मिळवायची तर उन्हाळा संपता संपता चौकशी सुरू करा. पावसाळ्यात ज्या बेन, म्हणजे भाजीवाल्या बायका, करटुली विकायला बसतात त्या एरवीही दुसरी भाजी घेऊन येतात. त्यांना ‘कंकोडा’ किंवा ‘कंटोला’ म्हटलं की कळतं. ‘‘बेन, आनी गांठ मळशे?’’ म्हणजे ‘याची गाठ मिळेल का?’ एवढं विचारून ठेवा. गाठ कुठली आहे हेही विचारा. जंगलातली वेल खणून आणलेली असेल तर तिथली वेल संपली. शेताच्या कुंपणावर पिढ्यान्‌पिढ्या वाढणाऱ्या वेलीची एखादी जादा गाठ मिळाली तर उत्तम. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फळ लागणाऱ्या वेलीच्या तीन-चार गाठी मागा, आणि जिला फुलं येतात पण फळ कधीच लागत नाही अशा वेलीची एक. ही दुसरी मागणी ऐकून समोरची व्यक्ती हसेल. हसू द्या, नर वेल तीच.

शेतात आठ-दहा मादी वेलींमागे एक नर पुरतो. घरी तीन माद्यांना एक नर चालेल, पण जागा असेल तर दोन ठेवा, म्हणजे एकाची फुलं आटली तरी काम अडत नाही. रोपवाटिकेतून घेणार असाल तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाची ‘इंदिरा कंकोडा-१’ ही जात नाव घेऊन मागण्यासारखी आहे.

माती

आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि करटुल्याच्या गाठीला तेच सोसत नाही. साचलेल्या पाण्यात गाठ कुजते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या अंगणात शिरलं त्यांनी तर जमिनीत लावूच नये, अगाशीच (गच्चीच) गाठावी. अंगण उंचावर असलं तरी गादीवाफा करून त्यावर लावा.

कुंडी किंवा ग्रो बॅग किमान सोळा इंच व्यासाची आणि तेवढीच खोल घ्या. भरताना दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला भोकं पुरेशी हवीत, आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा, नाहीतर अगाशीच्या फरशीवर भोकं बंद होऊन बसतात.

लावणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. बडोद्यात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात धरतो. तोवर गाठ मातीत मुरलेली असते. डोळा वर करून दोन-अडीच इंच खोल ठेवा. डोळा कुठला ते कळेना तर गाठ आडवी ठेवा, कोंब आपला रस्ता शोधतो. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने, माती नुसती ओलसर राहील इतकंच. उगवायला वेळ लागतो म्हणून रोज उकरून बघण्याचा मोह होतो. त्यातच बरेच कोंब मोडतात.

मांडव

वेल नाजूक असली तरी ताणे जोरात पकडतात. सहा-सात फुटांचे चार बांबू आणि वर नायलॉनची जाळी पुरे. मांडव इतकाच उंच करा की हात वर न ताणता फुलांपर्यंत पोचेल, कारण पुढचं सगळं काम हाताने करायचं आहे. वेल एक-दीड फुटाची झाली की सुतळीने वर चढवा. नर वेल मधल्या कुंडीत ठेवली तर बरं पडतं.

खत दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत. युरियाच्या वाटेला जाऊ नका. नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात.

नर कुठला, मादी कुठली

गाठीपासून लावलेल्या वेलीला साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या येतात. इथे डोळे उघडे ठेवायचे. मादी कळीच्या खाली, देठाच्या टोकाला, इवलंसं काटेरी करटुलं आधीच तयार असतं. ते दिसलं की शंका नको. नर कळीखाली असं काही नसतं. उलट तिच्या देठावर, कळीला अगदी लगटून, द्रोणासारखं हिरवं पान असतं आणि कोवळी कळी त्यातच लपलेली असते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा चुकत नाही.

कळ्या ओळखल्या त्याच दिवशी कुंड्यांवर ऑइल पेंटने ‘न’ आणि ‘मा’ लिहून टाका. हिवाळ्यात वेल वाळल्यावर हे लक्षात राहत नाही.

दिवेलागणीचं काम

आता दुसरी अवघड जागा. या करटुल्याची फुलं संध्याकाळी, अंधार पडता पडता उमलतात आणि त्यांना मंद वास असतो. रात्री उडणारे पतंग या वासाने येतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात. सकाळी आठला बागेत येणाऱ्याला मिटत आलेली फुलंच दिसतात आणि ‘फुलं येतात पण फळ का नाही’ हे कोडं सुटत नाही. शहरात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, दिव्यांच्या झगमगाटात पतंगांवर विसंबून चालत नाही. त्यांचं काम आपण करायचं.

संध्याकाळी सातच्या सुमारास अगाशीवर जा. नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका, म्हणजे मधले परागकोश मोकळे होतात. बोटाला पिवळी भुकटी लागली तर पराग तयार आहेत. आता मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर ते हलक्या हाताने दोन-तीनदा टेकवत फिरवा. घासू नका. एका नर फुलात तीन-चार मादी फुलं होतात.

पाऊस असेल तर पराग धुऊन जातात. अशा दिवशी परागीकरण झाल्याबरोबर मादी फुलावर बटर पेपरची छोटी पिशवी उलटी चढवून देठाशी दोऱ्याने सैल बांधा आणि सकाळी काढा. संततधार असेल तर त्या संध्याकाळची फुलं सोडून द्या. दुसऱ्या दिवशी नवी असतात.

प्रत्येक फुलाच्या देठाला रंगीत लोकरीचा धागा बांधायची सवय ठेवा, आठवड्याला एक रंग. तीन-चार दिवसांत कळतं: जमलं असेल तर फुलाखालचं करटुलं फुगू लागतं आणि गडद हिरवं होतं, जमलं नसेल तर पिवळं पडून गळतं. मला या भाजीतली खरी मजा इथे वाटते. भेंडी आपली आपण लागते, आपण फक्त तोडतो. करटुल्याचं धरलेलं प्रत्येक फळ आपल्या हातून झालेलं असतं. घरातलं कुणी लहान मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, ते सातला स्वतःहून वर पळेल.

एक सूचना: बंगाल-आसामकडचं मोठ्या फळाचं काकरोल काही रोपवाटिका करटुलं म्हणूनच विकतात. त्याची फुलं सकाळी उमलतात. तुमच्या वेलीची फुलं संध्याकाळी मिटलेलीच दिसत असतील तर उजाडता उठून बघा.

फळमाशी आणि इतर पाहुणे

कोवळ्या फळाला डंख, मग वाकडं वाढणं, मग आत अळ्या: हे फळमाशीचं काम. सापळा लावा, पण दुकानात आमिष विचारून घ्या. आंब्यासाठी मिथाइल युजेनॉल मिळतं, ते वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला उपयोगाचं नाही. इथे क्यू ल्यूर लागतं. डंख लागलेली आणि गळलेली फळं कुंडीत कुजू देऊ नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. पानांची जाळी करणारे ठिपकेवाले भुंगेरे सकाळी हाताने वेचता येतात. सप्टेंबरात पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पानं काढा आणि मांडवात हवा खेळती ठेवा.

तोडणी

परागीकरणानंतर साधारण बारा ते पंधरा दिवसांत फळ तोडायला येतं. धाग्याचा रंग बघून हिशेब लागतो. वरचे काटे मऊ हवेत, रंग हिरवा हवा. पिवळसर झाक आली म्हणजे आत बिया टणक झाल्या, ते फळ बियांसाठी राहू द्या. दोन-तीन दिवसांआड तोडत राहिलं की वेल पुढे धरते.

पहिल्या वर्षी भरघोस उत्पन्नाची आशा ठेवू नका. एका वेळची भाजी जमेल, मग पुढच्या आठवड्यात आणखी एका वेळची. पातळ चकत्या, तेलात हिंग-मोहरी, मंद आचेवर कडा कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, शेवटी तिखट-मीठ आणि ओलं खोबरं. गोडा मसाला काहीजण घालतात. ताज्या करटुल्याला त्याची गरज नाही.

वेल वाळल्यावर

दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि वेल सुकते. घाबरून उपटू नका. मातीपासून चार बोटं ठेवून कापा, पाणी बंद करा, कुंडी सावलीत सरकवा. उन्हाळाभर तिला कोरडं राहू द्या. तिच्यात पाणी घालू नका असं घरच्यांना बजावून ठेवा, नाहीतर कुणीतरी दया दाखवतं. मे संपताना वरची माती बदलून खत घाला आणि हलकं पाणी सुरू करा. गाठ दरवर्षी मोठी होते, तसं पीकही वाढतं.

दोन-तीन वर्षांनी गाठी वेगळ्या करता येतात. प्रत्येक तुकड्याला डोळा हवा. कापलेली बाजू राखेत बुडवून दोन दिवस वाळवा, मगच लावा. पावसाळ्यात मादी वेलीचे दोन-तीन पेरांचे तुकडे वाळू-मातीत खोचूनही रोपं होतात, सगळी जगत नाहीत. शेजारी गाठ मागायला आले तर ‘मा’ लिहिलेल्या कुंडीतली द्या आणि नराचाही एक तुकडा सोबत द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये ते रोज संध्याकाळी तुमच्याकडे नर फुलं मागायला येतील.