नागपूरची थंडी आणि एम.एस्सी.चं पहिलं वर्ष

रत्नागिरीहून नागपूरला एम.एस्सी.साठी आले ती उन्हाळ्याची धास्ती घेऊन. थंडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. अंथरायला एक सतरंजी, पांघरायला पातळ चादर, एवढ्यावर आले. डिसेंबरात पहाटे फरशीवर पाय टेकवेना.

इथे पारा दहाच्या खाली उतरणं नवलाचं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता. आणि दुपारी मात्र स्वेटर काढून ठेवावा लागतो! समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे सूर्य मावळला की जमिनीची ऊब झरझर निघून जाते. कोकणात असा फरक नसतो. माझं वेळापत्रकच कोलमडलं. सकाळी नऊपर्यंत पांघरुणातून निघवत नसे, रात्री वाचायला बसावं तर बोटं आखडत. हिवाळी परीक्षा तोंडावर होती. त्यात एका पेपरात नापास झाले.

घरमालकीणकाकूंनी वाट दाखवली. "खोलीत कायले बसली व पोरी? गच्चीवर जा, मस्त ऊन हाय!" गच्चीवर सुपात संत्र्याची सालं वाळत घातली होती. त्यांच्या वासात, पाठीवर ऊन घेऊन, चटईवर बसले. तासाभरात वहीची पानं हाताला कोमट लागायला लागली आणि अडलेलं गणित सुटलं. तेव्हापासून माझा नियम ठरला : अवघड विषय साडेनऊ ते बारा, गच्चीवर. रात्री फक्त उजळणी, आणि दहाला झोप. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहाटे उठण्याचा हट्ट मी सोडून दिला.

खरेदीत आधी जाड रजई घ्या, मग स्वेटर. तिबेटी विक्रेत्यांकडे स्वेटर चांगले मिळतात. बादलीत रॉड लावत असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसतही नाही आणि झोपेतच जीव घेतो.

खाण्याची मात्र चंगळ असते. बाजारात कोथिंबीर मागितली तर भाजीवाला म्हणाला, "सांबार म्हना ना!" त्याच सांबाराची वडी, खुसखुशीत पारीत गच्च भरलेली, सोबत कढी. संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारून आलं की ती खायचीच.

विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांमुळे अडतात, तेव्हा पेपरला अर्धा तास आधी निघा. आणि संक्रांतीच्या आठवड्यात दुचाकीवर गळ्याला जाड स्कार्फ घट्ट गुंडाळा. थंडीसाठी तर आहेच, पण बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा येतो.