फक्त मुलांची शाळा निवडताय? या चुका टाळा

नागपुरात मुलीसाठी शाळा बघायला गेलेले आईबाप गेटपासून बसपर्यंत सगळं विचारतात. मुलाची वेळ आली की दहावीचा निकाल आणि फी, एवढ्यावर चौकशी संपते. "पोट्टाच तर आहे, त्याला काय होते?" ही सगळ्यात मोठी चूक. फक्त मुलांच्या शाळेत ती पालकांइतकीच शाळेच्या व्यवस्थापनाकडूनही होते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. लैंगिक छळ झाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यालाही मुलीइतकाच लागू आहे.

दुसरी चूक मोजण्याची. सुरक्षेला इतके गुण, अभ्यासाला इतके, अशी बेरीज करून शाळा ठरवू नका. बेरजेत ९८ टक्के निकाल कुलूप लावलेला मागचा जिना झाकून टाकतो. सुरक्षा ही चाळणी समजा. जी शाळा तिच्यातून खाली पडली, तिचा निकाल बघण्याची गरजच उरत नाही. आणि मधल्या सुट्टीत कोण गाठेल या धास्तीत बसलेल्या मुलाच्या डोक्यात तिसऱ्या तासाचं गणित शिरत नाही. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

ऑफिसात बसून शाळा बघणे

शाळा दाखवायला प्रवेशाच्या दिवसांत बोलावतात, तेव्हा वर्ग रिकामे असतात. तुम्ही चालू दिवशी, मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी जा आणि सुट्टी संपेपर्यंत थांबा. आधी स्वच्छतागृह बघा. ४०० मुलं, १० मिनिटांची सुट्टी आणि ८ मुताऱ्या असतील, तर एका मुतारीमागे ५० मुलं आणि एकेकाला १२ सेकंद मिळतात. मग लहान मुलं लघवी दाबून धरतात आणि पाणी पिणंच सोडतात. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. नागपूरच्या त्या उन्हात पाणी न पिणारं मूल आजारी पडणारच. दाराला आतून कडी आहे का, पाचवी-सहावीची मुलं आणि नववी-दहावीची मुलं एकाच वेळी तिथे जातात का, सुट्टीत दाराबाहेर एखादा शिक्षक उभा असतो का, हे तीन प्रश्न चुकवू नका. दादागिरी होते ती बहुतेक इथेच, कारण इथे कॅमेरा नसतो आणि नसायलाच हवा. कॅमेरा बाहेरच्या दारावर रोखलेला असावा, म्हणजे आत कोण, कधी, किती वेळ गेलं ते कळतं.

कॅमेऱ्यांची संख्या विचारून फारसं हाती लागत नाही. रेकॉर्डिंग किती दिवस जपतात, ते कोण बघतं, शेवटचं कधी बघितलं, हे विचारा. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी बंधनकारक केली. पडताळणीबद्दल विचारताना फक्त शिक्षकांपाशी थांबू नका. कंत्राटी चौकीदार, सफाई कर्मचारी, बसचा मदतनीस, बाहेरून येणारे क्रिकेट आणि कराटेचे प्रशिक्षक, सगळ्यांचं विचारा. शाळा सुटल्यावरच्या सरावाला एकट्या प्रशिक्षकाच्या भरवशावर मुलं सोडली जात असतील, तर ती मोठी उणीव आहे. तिथे दुसरं मोठं माणूस हवंच.

मुलं पळून जाऊ नयेत म्हणून मागचा जिना किंवा मागचं फाटक कुलूपबंद ठेवायची सवय मुलांच्या शाळांत जास्त. आग लागली की बाहेर पडायला तीच वाट हवी असते. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा आगीची यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ताज्या प्रमाणपत्राची तारीख बघा आणि जाता जाता भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघा.

मारालाच शिस्त समजणे

"आमच्याकडे शिस्त कडक आहे" हे ऐकून मान डोलावू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, "दोन मुलांची मारामारी झाली तर काय करता?" दोघांना वेगळं बसवतो, दोघांचं लिहून घेतो, त्याच दिवशी दोन्ही घरी कळवतो, समुपदेशक भेटतात, असा क्रम सांगितला तर व्यवस्था आहे. "आमच्याकडे असं होतच नाही" हे उत्तर आलं तर सावध व्हा. शेकडो मुलगे एकत्र असताना मारामारी होतेच. नोंद होत नसेल, तर ती लपवली जाते आहे.

निकालाचा फलक वाचणे

फलकावर पहिल्या दहांचे फोटो असतात. तुमचा मुलगा बहुधा मधल्या ऐंशीत असेल, त्यांचं काय झालं ते विचारा. १०० टक्के निकालाची तपासणी अशी करा: त्या तुकडीत नववीच्या सुरुवातीला किती मुलं होती आणि शाळेतर्फे दहावीला किती बसली? १२० पैकी ११५ ठीक, बदल्या होतात. १२० पैकी ९६ असतील, तर कच्च्या मुलांना दाखला देऊन किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेर काढलंय का, याचा शोध घ्या. खासगी विद्यार्थी म्हणून बसलेल्या मुलाचं अपयश शाळेच्या टक्केवारीत दिसत नाही.

"सीबीएसई पॅटर्न" आणि सीबीएसई संलग्नता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संलग्न शाळेला तिच्या संकेतस्थळावर 'मॅन्डेटरी पब्लिक डिस्क्लोजर' द्यावं लागतं. त्यात तीन वर्षांचे निकाल, शिक्षकसंख्या, आग आणि इमारतीच्या सुरक्षेची प्रमाणपत्रं एकाच जागी मिळतात. संलग्नता क्रमांक मंडळाच्या 'सारस' पोर्टलवर ताडून बघा. राज्य मंडळाच्या शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि मान्यतेचं पत्र मागा, आणि मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे ते वाचा.

अभ्यासाचा खरा पुरावा मात्र वह्यांत असतो. सहावी-सातवीच्या चार मुलांच्या डिसेंबरातल्या गणिताच्या आणि मराठीच्या वह्या बघायला मागा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चूक दाखवून तेच उदाहरण पुन्हा सोडवून घेतलंय? दोन वर्षांत गणिताचे शिक्षक किती बदलले, हेही विचारा.

बस ठरवायचं शेवटी ठेवणे

बेसाहून काटोल रोडला जाणारं मूल रोज अख्खं शहर ओलांडतं. घराच्या दारापासून वर्गापर्यंतचा वेळ शाळेच्याच वेळेला स्वतः जाऊन मोजा. ४५ मिनिटांच्या वर गेला तर झोप आणि गृहपाठ दोन्ही तुटतात. गाडीचा नंबर (एमएच ३१, ४९ किंवा ४०) एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत कळते. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. काका कितीही चांगले असोत, तिच्यात मूल बसवू नका. स्कूलबसला वेगनियंत्रक, अग्निशामक, आपत्कालीन दार आणि मदतनीस लागतो. व्हॅनमध्ये गॅसच्या टाकीवर फळी टाकून मुलं बसवलेली दिसली, तर तिथेच नकार द्या. रिंग रोडवर मुलाला स्वतः रस्ता ओलांडावा लागेल असा थांबा घेऊ नका.

प्रवेशानंतर बिघडलं तर

डबा आणि पाण्याची बाटली भरलेलीच परत येते, घरी येताच मूल धावत बाथरूमला जातं, रविवारी रात्री पोट दुखतं, वस्तू वारंवार 'हरवतात'. ही लक्षणं दोन आठवडे टिकली, तर "कोण त्रास देतं?" असं न विचारता "आज सुट्टीत कुठे उभा होतास, कोण सोबत होतं?" असं विचारा. तक्रार तोंडी करू नका. तारीख, जागा आणि घटना लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याखाली तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. वसतिगृहातल्या मुलासाठी हे कलम विशेष लक्षात ठेवा. दाद मिळाली नाही, तर तोच अर्ज सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या.

लैंगिक छळाचा संशय असेल, तर हा क्रम सोडा आणि थेट पोलीस ठाण्यात जा किंवा १०९८ वर फोन करा. "शाळेतच मिटवू" म्हणणाऱ्या संस्थाप्रमुखाला सांगा की पॉक्सोच्या कलम १९ खाली कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ खाली त्यांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.