ग्रेव्हजची गोळी थांबवण्याआधी ट्रॅबची तपासणी कशी करून घ्यावी

फोंड्यात मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? म्हणूनच माझा ग्रेव्हज (थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते तो आजार) उलटला तेव्हा मी दीड महिना उकाड्यालाच बोल लावत राहिले. हात थरथरायचे, भूक भरपूर असूनही वजन उतरत होतं, आणि शेजारणी म्हणायच्या, ‘बारीक झालीस गो, बरी दिसतेस!’ गोळ्या बंद करून तेव्हा पाच महिने झाले होते. बंद करण्याआधी प्रतिपिंडांची तपासणी झालीच नव्हती आणि ती मागायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

आधी आपला आजार नेमका कोणता, ते डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या. नुसतं ‘थायरॉईड आहे’ एवढ्याने भागत नाही. हाशिमोटो या दुसऱ्या थायरॉईडच्या आजारात अँटी-टीपीओ नावाची प्रतिपिंडं सापडतात आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. तिथे तो आकडा पुन्हा पुन्हा तपासून सहसा काही हाती लागत नाही. ग्रेव्हजचं तसं नाही. यात शरीरच असं प्रतिपिंड बनवतं, जे टीएसएचच्या (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) जागी जाऊन बसतं आणि ग्रंथीला सतत हाकत राहतं. त्याला प्रयोगशाळेत ‘ट्रॅब’ म्हणतात. कार्बिमाझोल, म्हणजे ग्रेव्हजची गोळी, थायरॉईडचं हार्मोन बनणं रोखते. त्यामुळे टी४ (तेच हार्मोन) आणि टीएसएच अगदी नॉर्मल दिसतात, पण आत ट्रॅब चढलेलंच असू शकतं. माझं असंच झालं असावं, असं मला आज वाटतं.

ट्रॅब दोनदा तरी व्हायला हवं: निदानाच्या वेळी, आणि साधारण १२ ते १८ महिन्यांच्या उपचारानंतर गोळी थांबवायचा विचार सुरू झाला की. दोन्ही वेळा प्रयोगशाळा एकच ठेवा. पणजीत एकदा आणि म्हापशात एकदा केलेले आकडे पद्धत वेगळी असेल तर शेजारी ठेवून तुलना करण्यासारखे नसतात.

केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल (या आजारात केस गळतातच, म्हणून आपण बऱ्याचजणी घेतो) तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी, तर टी४ आणि ट्रॅब खोटं जास्त येतं. म्हणजे आजार नसतानाही तो परतल्यासारखा रिपोर्ट!

आता आकडा वाचायचा कसा? ट्रॅब अजून चढं असेल तर उलटण्याची शक्यता बरीच जास्त. अशा वेळी डॉक्टर गोळी आणखी वर्षभर चालू ठेवतात, नाहीतर रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन) किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतात. नॉर्मल आलं तर शक्यता कमी होते, पण संपत नाही. गोळ्यांचा कोर्स पुरा केलेल्यांतही जवळपास निम्म्यांचा आजार परततो. मोठा गलगंड, कमी वय आणि धूम्रपान हेही धोका वाढवतात. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल आणि त्यालाच ग्रेव्हज असेल तर आधी ती सोडायला लावा, कारण डोळ्यांचा त्रासही तिनेच बळावतो.

गोळी थांबल्यावर पहिलं वर्ष जपायचं. पहिले सहा महिने दर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि टी४ करा. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहा. घाम उकाड्याचा की आजाराचा हे गोव्यात घामावरून कळत नाही, पण झोपून उठल्यावर नाडी आठवडाभर ९०च्या वर राहिली तर वाट पाहू नका. बाळंतपणानंतरही आजार उलटतो, आणि गरोदर राहिलात तर जुना ग्रेव्हज पहिल्याच भेटीत सांगा, कारण ट्रॅब वारेतून बाळापर्यंत जातं.

माशांत आयोडीन असतं, मग मासे सोडू का, असं मला हटकून विचारतात. नेहमीच्या जेवणातलं बांगड्याचं हुमण मी सोडलेलं नाही. केल्पची (समुद्री शेवाळाची) चूर्णं आणि आयोडीनच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि ताप किंवा घसादुखी आली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या, कारण या गोळीने क्वचित त्या एकदम घटतात.