प्रवाहमापकावरचं शून्य

वाळवंटी ओढ्यांतल्या कीटकांवर प्रबंधाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. जाळी, चाळण्या, नमुन्यांच्या बाटल्या याची भीती नको. कायरोनोमिडच्या (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्या ओळखताना डोळे फुटायची वेळ येते, पण हात बसतो. माझा जीव खाल्ला तो प्रवाहमापकावरच्या शून्याने.

शून्य म्हणजे त्या ठिकाणी पाणी वाहत नाही, एवढंच. ओढा आटला असा त्याचा अर्थ नाही. डोहांची रांग अजून जोडलेली असेल, डोह सुटे झाले असतील, वर कोरडं पण वाळूत ओल असेल किंवा खरंच सगळं खडखडीत असेल. नोंदवहीत चौघांचा आकडा एकच, कीटक मात्र चार तऱ्हांचे. ब्लॅकफ्लायची अळी दगडाला चिकटून पाण्यासोबत येणारे कण गाळून खाते; धार थांबली की तिचं जेवण थांबलं. उलट पाणभुंगेरे आणि बरेच पाणढेकूण पृष्ठभागावरून हवा घेतात, त्यामुळे प्राणवायू घटलेल्या डोहातही त्यांचं चालतं. डोह आकसतो तशी शिकाऱ्यांची दाटी होते. पुढे डोहही गेले, तरी मेसोकॅप्निया ॲरिझोनेन्सिस ही स्टोनफ्लाय कोरडा काळ तळात सुप्तावस्थेत काढते. हे सगळं ‘प्रवाह ०’ या एका रकान्यात कोंबलं, की आलेखात नुसता गोंधळ दिसतो आणि आपण आकडेशास्त्राला शिव्या घालत बसतो.

म्हणून प्रत्येक फेरीत ओढ्याची अवस्था शब्दांत लिहा. तळाशी तापमानाचा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद करणारं छोटं यंत्र, ठेवा. पाणी गेलं की दिवसरात्रीचा फरक एकदम वाढतो. ‘मापकाची माहिती फुकट मिळते, तेवढी पुरे’ म्हणणारे मार्गदर्शक भेटतील. मान डोलवा आणि लॉगर ठेवा.

पुरामुळे नमुने रिकामे आले तर रडू नका. ॲरिझोनातल्या सिकॅमोर क्रीकवरचं 1982 मधलं काम वाचा. अचानक आलेला पूर जवळजवळ सगळे कीटक धुऊन नेतो, पण काही आठवड्यांत ते परततात, कारण तिथल्या बऱ्याच मेफ्लाय आणि कायरोनोमिडची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते आणि उडती प्रौढ माणसं, म्हणजे कीटक, पुन्हा अंडी घालतात. (रात्री दोनला लिहितेय, समजून घ्या.)

आटणं मात्र इतकं माफ करत नाही. अबेडस हर्बर्टाय हा मोठा पाणढेकूण मुसळधार पाऊस लागला की पूर यायच्या आधीच ओढ्याबाहेर चालत निघतो. ओढ्यांतल्या कीटकांचे अभ्यासक डेव्हिड लायटल यांनी हे दाखवलं. पण त्याला उडता येत नाही. ॲरिझोनातल्याच फ्रेंच जो कॅन्यनमधला बारमाही ओढा पूर्ण आटला, तेव्हा तो तिथून नाहीसा झाला आणि पाणी परतल्यावरही आला नाही. तेव्हा नमुन्याच्या दिवशीच्या प्रवाहाशेजारी आणखी दोन रकाने हवेतच: शेवटचा पूर कधी आला आणि ओढा शेवटचा पूर्ण कधी आटला. दुसऱ्याचं उत्तर मापक देणार नाही. तिथे लॉगर आणि तुमची वही.