रिलीव्हर (पुढच्या शिफ्टला आपल्याला सोडवणारा) येत नाही म्हणून रोज आपणच डबल ड्युटी मारायची का?

चाकणला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) नऊ वर्षं काढलीत म्हणून मनापासून सांगतोय. सेकंड शिफ्टवाला दर सोमवारी दांडी मारणार आणि सुपरवायझर म्हणणार "जरा थांब रे", असं चालू असेल तर आधी एक वही करा, तारीख, कोण आलं नाही, आपण किती वाजता पंच आउट केलं, जास्तीचे जॉब (पार्ट) किती काढले, एवढंच, शिव्या नकोत.

महिनाभराने त्या रिलीव्हरशी चहाच्या सुट्टीत एकट्याने बोला, खरंच अडचण असू शकते. माझ्या मशीनवरच्या पार्टनरच्या आईचं डायलिसिस चालू होतं, आम्ही शिफ्ट बदलून घेतली आणि प्रश्नच मिटला.

नुसताच कामचुकार असेल तर वही घेऊन सुपरवायझरकडे जा आणि विचारा, "साहेब, त्याची शिफ्टही मी बघतो, पण रिजेक्शन (खराब जॉब) निघालं तर ते कुणाच्या नावावर?" उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

सलग १६ तास मात्र थांबूच नका, पेंगत इन्सर्ट (टूलचं कापणारं धारदार टोक) बदलताना बोट फाटलेलं मी पाहिलंय. थांबलातच तर ओव्हरटाइम मस्टरवर (हजेरीच्या रजिस्टरवर) चढवून घ्या, कारखान्यात त्याला दुप्पट दर हा कायद्याने हक्क आहे, पगाराच्या स्लिपवर तो आलाय का तेही बघा.